बाटलीतले जंत बघून फसलो

माथेरानला आमची एकच घोडी, राणी. पावसाळा नेरळला काढून वर आणली तेव्हा बरगड्या दिसत होत्या, अंगाची लव राठ झालेली. दस्तुरी नाक्यावर एक जण जंताची पेस्ट विकत होता. हातात काचेची बाटली, तिच्यात पेन्सिलीएवढे जाड, वीतभर लांब पांढरे जंत. म्हणाला, "हे कालच एका घोड्याच्या पोटातून पडले." बघूनच अंगावर काटा आला. साडेतीनशेला एक, अशा तीन सिरिंज घेतल्या. त्यात म्हणे आयव्हरमेक्टिन, जंत मारायचं औषध. "कुत्र्यालाही चालते, वाटाण्याएवढी द्या," हे वर.

राणीला अख्खी सिरिंज दिली. आमच्या मोतीला वाटाण्याएवढी भाकरीत घालून. मोती म्हणजे एका बंगल्यावरच्या कॉलीचं पिल्लू.

तीन आठवडे झाले तरी राणी तशीच. मोतीच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काहीतरी वळवळताना मुलीने दाखवलं. मग डॉक्टरांना बोलावलं. राणीची ताजी लीद डब्यात, डबा बर्फात, आणि मी लोकलने परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात. डब्यात काय आहे ते शेजारच्या प्रवाशाला सांगितलं नाही. लिदीच्या एका ग्रॅममागे जंतांची ११०० अंडी निघाली. औषध खरं असतं तर दोन आठवड्यांनी अंडी जवळजवळ दिसायलाच नको होती.

डॉक्टरांनी सिरिंज उलटीसुलटी करून पाहिली. बॅच नंबर नाही, औषधाचं प्रमाण नाही, दट्ट्यावर घोड्याच्या वजनाच्या खुणा नाहीत. बाटलीचं सांगितल्यावर हसलेच. तसले मोठे जंत शिंगरांच्या पोटात सापडतात. राणी नऊ वर्षांची. तिच्या वयाच्या घोड्यांना छळणारे बहुतेक जंत केसासारखे बारीक, लिदीत सहज दिसतही नाहीत. म्हणजे बाटली नुसती घाबरवायला.

मोतीचे ते दाणे पट्टकृमीचे तुकडे, पिसवांमधून आलेले. आयव्हरमेक्टिन अस्सल असतं तरी त्यावर चाललं नसतं, प्राझिक्वांटेल लागतं आणि पिसवाही मारायला लागतात. पण कॉलीच्या रक्ताचं कुत्रं आहे म्हटल्यावर डॉक्टरांचा आवाज चढला. या जातीतल्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये आयव्हरमेक्टिन मेंदूपर्यंत पोचतं, आणि घोड्याच्या पेस्टमधला वाटाणा म्हणजे कुत्र्याला भलताच मोठा डोस. कुत्रं थरथरतं, आंधळं होतं, मरतंही. पेस्ट बनावट होती म्हणूनच मोती वाचला. त्या माणसाला शिव्या घालायच्या की श्रीफळ देऊन आभार मानायचे, मला अजून ठरवता येत नाही.

नंतर डॉक्टरांनी टेप काढली. तंगाजवळचा, म्हणजे खोगिराचा पट्टा बांधतात तिथला घेर १५० सेंटिमीटर, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत १४०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११८८०. वजन आलं साधारण २६५ किलो. मी तर साडेतीनशे धरून चाललो होतो. त्या हिशोबाने पावती असलेली पेस्ट दिली आणि चौदा दिवसांनी पुन्हा डबा घेऊन परळ गाठलं. या वेळी एकही अंडं नाही.

उरलेल्या दोन सिरिंज डॉक्टर घेऊन गेले. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे. बाटली मात्र परवा कुणीतरी नेरळ स्टेशनबाहेर पाहिली म्हणे.