‘७२ डीपीआयचे फोटो छापता येत नाहीत’ असं सांगून पैसे उकळले : चवथीआधी फोटो छापायला देणाऱ्यांनी वाचावं

डिचोलीला आमच्या घरी मे महिन्यात आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस झाला. चवथीला सगळं कुटुंब मूळ घरी जमतं, तेव्हा अल्बम आणि दोन मोठ्या फ्रेम तयार हव्या होत्या. काम म्हापशातल्या एका फोटो लॅबला दिलं. लॅबचं नाव इथे देत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण पैसे काढायची त्यांची पद्धत सगळ्यांना कळली पाहिजे, कारण ती ऐकायला अगदी तांत्रिक आणि खरी वाटते.

काउंटरवरच्या माणसाने पेन ड्राइव्ह लावला, एक फोटो उघडला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. ‘मॅडम, हे बघा, सगळे फोटो ७२ डीपीआयचे आहेत. छपाईला ३०० लागतात. असेच छापले तर फाटतील, म्हणजे धूसर येतील. कन्व्हर्ट करून घ्यावे लागतील, फोटोमागे २५ रुपये.’ डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके तो आकडा, आणि स्क्रीनवर तो खरोखरच ७२ होता. ११० फोटोंचे २,७५० रुपये झाले, ते छपाईच्या दराव्यतिरिक्त आगाऊ घेतले.

हे २,७५० रुपये कशाचे होते ते आता सांगते. फोंड्याला छापखान्यात काम करणाऱ्या माझ्या आतेभावाने लॅबने परत दिलेल्या ‘कन्व्हर्ट केलेल्या’ फाइली आणि आमच्या मूळ फाइली शेजारी शेजारी उघडल्या. मूळ फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा होता (पिक्सेल म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते बारीक ठिपके). लॅबचा फोटोही ६००० बाय ४००० पिक्सेलचाच. एक पिक्सेल वाढला नव्हता. बदलला होता तो फक्त फाइलमध्ये लिहिलेला ७२ हा आकडा, त्या जागी ३०० झाले होते. सगळ्या फाइली निवडून एकदा कमांड दिली की हे काम संगणक काही मिनिटांत करतो, आणि त्याने छपाईत काडीचाही फरक पडत नाही.

फाइलमधला डीपीआय म्हणजे ‘हा फोटो इंचाला इतके ठिपके या हिशेबाने पसरा’ अशी नुसती सूचना असते. काही कॅमेरे तिथे ७२ लिहितात, काही ३००, काही ३५०. फोटोत खरा तपशील किती आहे ते पिक्सेलच सांगतात. हिशेब शाळेतल्या भागाकाराइतका सोपा आहे: फोटोचे पिक्सेल भागिले कागदाचे इंच. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल असले की इंचाला ३०० मिळाले. ८ बाय १० ला २४०० बाय ३०००, आणि १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४००. म्हणजे आमचे कॅमेऱ्यातले फोटो १२ बाय १८ च्या फ्रेमलाही, काहीही न करता, पुरून उरत होते. भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोला तर इंचाला १५० असले तरी चालतात, कारण तो कोणी नाकाला लावून बघत नाही.

संगणकावर फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडा, रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये दिसते. दुकानदार डीपीआयचं नाव काढेल तेव्हा त्याला हे दोन आकडे दाखवा आणि ‘कन्व्हर्ट केल्यावर हे किती होणार?’ एवढंच विचारा.

दुसरा प्रकार मला जास्त लागला, कारण तो माझ्या आजीच्या फोटोबाबत झाला. तिचा एक सुंदर फोटो मावशीच्या मोबाइलमध्ये होता आणि तो आमच्याकडे व्हॉट्सॲपवरून आला होता. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आकसतो, आमच्या हातात आला तो १६०० बाय १२०० पिक्सेलचा. ४ बाय ६ ला तो ठीक आहे. १८ इंचांवर ताणला तर इंचाला नव्वदही पिक्सेल उरत नाहीत. इथे खरी अडचण होती, आणि प्रामाणिक माणसाने सांगितलं असतं की मावशीकडून मूळ फाइल मागवा, व्हॉट्सॲपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती आकसत नाही. फुकटात काम झालं असतं. त्याऐवजी ‘एचडी करून देतो’ म्हणून ३०० रुपये घेतले. सॉफ्टवेअरने फोटो मोठा होतो, पण नसलेला तपशील त्यात अंदाजाने भरला जातो. आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या गेल्या, गाल मेणासारखे झाले, डोळे कुणा दुसऱ्याच बाईचे दिसायला लागले. बाबांनी फ्रेम हातात घेतली आणि ‘ही आई नव्हे’ म्हणून परत ठेवली. हे ३०० रुपयांचं नुकसान मी मानत नाही.

छाटणीचंही लक्षात ठेवा. कॅमेऱ्याचा फोटो बहुधा ३:२ प्रमाणात असतो, म्हणजे ८ इंच उंचीला १२ इंच रुंद. तो ८ बाय १० वर छापला की दोन्ही बाजूंचा एकेक इंच जातो. आमच्या कुटुंबाच्या फोटोत एका टोकाला काका आणि दुसऱ्या टोकाला आत्या उभी होती, दोघंही अर्धी कापली गेली. विचारलं तर ‘साइज तुम्हीच सांगितली’, आणि पुन्हा छापायचे वेगळे पैसे. छापण्याआधी छाटणी दाखवणं हे लॅबचं काम आहे. ८ बाय १२ घ्या, किंवा पांढरी पट्टी सोडून पूर्ण फोटो बसवायला सांगा, आणि ते बिलावर लिहून घ्या.

राहिला कागद. दर लावला ‘लॅब पेपर’चा, म्हणजे प्रकाश आणि रसायनांनी फोटो उमटतो त्या कागदाचा. दिल्या त्या शाईच्या प्रिंट. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, श्रावणात भिंतींना हात लावला तरी ओल लागते. अल्बमची पानं एकमेकांना चिकटली आणि सोडवताना आईच्या शालूचा रंग समोरच्या पानावर उतरला. शाईची चांगली प्रिंटही असते, पिगमेंट शाईची, म्हणजे बारीक रंगकण असलेल्या शाईची, तर पुष्कळ टिकते. पण मग तेच नाव सांगावं आणि तोच दर लावावा. ओळखायचं असेल तर प्रिंट उलटी करून बघा: रासायनिक कागदाच्या पाठीवर सहसा कंपनीचं नाव फिकट अक्षरांत पुन्हा पुन्हा छापलेलं असतं. मोठं काम देण्याआधी ४ बाय ६ ची एक प्रिंट काढून घ्या आणि तिच्या कडेला पाण्याचा थेंब ठेवून बोटाने पुसा. स्वस्त शाई लगेच फिसकटते.

लॅबमध्ये परत गेलो तेव्हा मालकाने आधी आवाज चढवला. आतेभावाने दोन्ही फाइलींचे पिक्सेल त्याच्याच संगणकावर उघडून दाखवले, तेव्हा कन्व्हर्टचे पैसे परत केले. अल्बमचे आणि फ्रेमचे द्यायला नकार दिला. कामाचा तपशील लिहिलेलं बिलही दिलं नाही, नुसती रकमेची चिठ्ठी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मागूनही बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, म्हणून ती चिठ्ठी, फाइली आणि चिकटलेली पानं आम्ही जपून ठेवली आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. दुकान कुठेही असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अशीच ‘कन्व्हर्ट’ची आकारणी तुमच्याकडून झाली असेल तर लॅबने परत दिलेल्या फाइली पुसू नका. त्यातले पिक्सेल हाच तुमचा पुरावा आहे.