टॅरो रीडिंगच्या नादात २१,७९९ रुपये गेले, त्याची गोष्ट (लांबलचक आहे, सॉरी)

मी दहिसरला राहते, लोअर परळला अकाउंट्समधे आहे. दिवसभर लोकांची बिलं तपासते, दोन रुपयांचा फरक आला तरी व्हाउचर परत पाठवते. हे आधीच सांगतेय कारण "एवढी शिकलेली असून अशी कशी फसलीस" हे घरी पोटभर ऐकून झालंय.

जूनमधे बाबांची अँजिओग्राफी झाली, तीन ब्लॉकेज निघाले, डॉक्टरांनी अँजिओप्लास्टीची तारीख दिली. त्या रात्री झोप येईना म्हणून रील्स बघत पडले होते त्यात एक टॅरोवाली, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगणारी, मॅडम आली, मऊ आवाज, मागे मेणबत्त्या, तीन कार्डांचं रीडिंग फक्त १९९. म्हटलं जाऊ दे, एवढे तर रिक्षात जातात. पैसे भरल्यावर तिने एक फॉर्म पाठवला, नाव, जन्मतारीख आणि खाली "सध्या मनात काय चाललंय ते मोकळेपणाने लिहा". रात्री दीड वाजता कोणी एवढ्या प्रेमाने विचारलं तर माणूस लिहितो हो. मी पान भरून लिहिलं, बाबा, ब्लॉकेज, दादाशी धड बोलणं नाही, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, सगळं.

अर्ध्या तासात तीन कार्डांचा फोटो आणि व्हॉइस नोट आली. पहिलं कार्ड थ्री ऑफ सोर्ड्स, लालभडक हृदय, त्यात आरपार तीन तलवारी आणि मागे पाऊस. "किती तलवारी आहेत डिअर? तीन. कळतंय ना मी काय म्हणतेय?" माझ्या अंगावर काटा. दुसरं डेथ, काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय, घोड्यापुढे राजा आडवा पडलाय, आणि वर रोमन आकड्यात तेरा. मॅडम म्हणाली, "तेरा नंबर बघ. आपल्याकडे तेरावं म्हणजे काय हे तुला सांगायला नको." तिसरं फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, बर्फातून दोन भिकारी चाललेत, एक कुबड्यांवर. म्हणजे म्हणे घराचा आधार जाणार.

पुढचं पटापट सांगते कारण लिहितानाही लाज वाटते. ३,५०० एनर्जी क्लिन्झिंगचे, ७,१०० कसलीतरी कॉर्ड कापायचे, ११,००० "प्रोटेक्शन"चे, त्यात कुरिअरने एक सोनेरी चमकणारा दगड आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने सांगितलं अमावस्या होईपर्यंत शरीराला लोखंड लावू देऊ नका, आणि मी डॉक्टरांना खोटी कारणं देऊन तारीख नऊ दिवस पुढे ढकलली. पैशाचं जाऊ दे, त्या नऊ रात्रींत बाबा जरा खोकले तरी मी उठून बसायचे. दादाला कळलं तेव्हा तो फोनवर जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही.

कळलं कसं, तर लोकलमधे. आमचा सकाळचा लेडीज डब्यातला ग्रुप आहे, मी चौथ्या सीटवर अर्धी लटकलेली आणि भाईंदरची मैत्रीण सांगत होती की तिच्या भाचीचं ब्रेकअप झालं तर ती पोरगी टॅरोच्या मागे लागलीये. तिने फोटो दाखवला. तीच तीन कार्डं. बरं, असेल योगायोग. पण फोटो झूम केला तर कार्डाच्या कडेला अंगठा, आणि अंगठ्यावरचं जांभळं नेलपेंट एका कोपऱ्यात उडालेलं, माझ्या फोटोत होतं अगदी तस्संच. भाचीला फोटो आला होता मे महिन्यात! तिला सांगितलेलं की हृदयातली तिसरी तलवार म्हणजे तिसरी व्यक्ती, आणि डेथ म्हणजे कोणीतरी नातं "बांधलंय". कार्डं तीच, फोटो तोच, फक्त ज्याच्या फॉर्ममधे जे दुखणं त्याला ते चिकटवलेलं.

मी रात्री स्वतःचा फॉर्म परत वाचला. "तीन ब्लॉकेज" हे शब्द माझेच होते. मी तिला न सांगितलेली अशी एकही गोष्ट तिने सांगितली नव्हती.

मॅडमना मेसेज केला तर उत्तर आलं, "एनर्जी सेम असली की कार्ड्स सेम येतात डिअर." मी विचारलं नेलपेंट पण सेम एनर्जीचं का, तर ब्लॉक.

त्या भाचीने आता चिडून स्वतःच डेक आणलाय. ७८ पत्ते असतात, त्यातले २२ मोठे समजतात, डेथ त्यातला. ती म्हणाली मावशी, डेथ म्हणजे मरण नाहीच, एक पर्व संपून दुसरं सुरू, बघ मागे दोन मनोऱ्यांमधे सूर्य काढलाय. खरंच काढलाय, मला पाठवलेल्या फोटोतही होता, मी फक्त सांगाडा बघत बसले. ही चित्रं १९०९ च्या डेकमधली, पामेला कोलमन स्मिथ नावाच्या बाईने काढलेली, आणि त्याआधी पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते चक्क खेळायला वापरायचे, आपण मेंढीकोट खेळतो तसे. पण खरं सांगू, मला तो गोड अर्थही आता पटत नाही. एक पर्व संपून दुसरं सुरू, हे कोणाला लागू नाही ते सांगा? आमची आजी देवळाबाहेरच्या पोपटवाल्याकडून पत्ता काढायची, पण तो पोपट नंतर रात्री मेसेज तरी करायचा नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कॉल केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, ट्रान्झॅक्शन नंबर आणि स्क्रीनशॉट लागतात म्हणून चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका, मी अर्धं केलं होतं. उशीर झालेला, पैसे पुढे काढून घेतलेले, अजून काही आलं नाही. कोणी असा फॉर्म पाठवला तर निदान खोटं दुखणं लिहून बघा, कार्डात काय दिसतं ते.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट, आता संध्याकाळी खाली फिरून येतात. त्यांना यातलं काही माहीत नाही. तो सोनेरी दगड त्यांना कपाटावर सापडला, तर पंख्याने पेपर उडतो म्हणून रोज सकाळी त्यावर ठेवतात. परवा मला विचारत होते, चांगला जड आहे गं, कितीला मिळाला?