वाजवी खंड किती? कलकत्त्याचे दोन निकाल

1859च्या दहाव्या कायद्याने बंगालमध्ये 12 वर्षे सलग जमीन कसणाऱ्या कुळाला कब्जेहक्क, म्हणजे जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क, दिला. खंड, म्हणजे कुळाने मालकाला द्यायचे जमिनीचे भाडे, 'वाजवी' असावा, असेही म्हटले. पण वाजवी म्हणजे किती?

1862 साली हिल्स या निळीच्या मळेवाल्याने ईश्वर घोष या रयतेवर लावलेल्या दाव्यात कलकत्ता हायकोर्टाचे सरन्यायाधीश बार्न्स पीकॉक यांनी इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा आधार घेतला: लागवडीचा खर्च आणि नेहमीचा नफा वजा जाता उरेल ते सारे मालकाचे. म्हणजे कब्जेहक्क कागदावर, आणि खंड बाजारात चढेल तितका! शेती हा जणू इंग्लंडातल्या भांडवलदाराचा धंदाच.

1865 साली ठाकुराणी दासी विरुद्ध विश्वेश्वर मुखर्जी या खटल्यात 15 न्यायाधीश बसले. पीकॉक एकटे पडले. बाकीच्यांनी रूढी मानली, त्रैराशिक मांडले: पिकाचा भाव दुप्पट तर खंड दुप्पट, त्याहून जास्त नाही.

मला दुसरा निकाल उजवा वाटतो. जमीनदारांना मात्र तो जाचला, कारण जुने भाव कोर्टात सिद्ध करणे महाकठीण. पुढे 1885च्या कायद्याने कब्जेहक्काच्या कुळाशी करारात ठरणारी वाढ रुपयामागे दोन आण्यांवर रोखली.