घारापुरीला खासगी मार्गदर्शक घेऊन: सात महिन्यांत चार फेऱ्या

नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत मी घारापुरीला, म्हणजे एलिफंटाच्या लेण्यांच्या बेटावर, चार वेळा जाऊन आले. चारही वेळा फक्त आमच्यापुरता मार्गदर्शक ठरवला होता. माझं माहेर गिरगावातलं, नोकरी फोर्टात, बेटाच्या बोटी सुटतात तो गेटवे ऑफ इंडिया ऑफिसातून चालत दहा मिनिटांवर. तरी त्याआधी बेटावर एकदाच गेले होते, पाचवीच्या सहलीत. माकडानं मैत्रिणीचा डबा पळवला एवढंच त्यातलं आठवत होतं, लेणी अजिबात नाहीत. आता ऑफिसातले, सोसायटीतले लोक विचारतात की वेगळा मार्गदर्शक घेण्यात खरंच अर्थ आहे का, की उगाच खर्च. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांना एवढंच सांगेन: पैसे माणसावर घाला, बोटीवर घालू नका.

पहिली फेरी नोव्हेंबरात. मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. शहरातल्या एका एजन्सीकडून ‘खासगी सहल’ घेतली. घरून नेणार, घरी सोडणार, मार्गदर्शक, जेवण, सगळं धरून चौघांचे चौदा हजार. साडेआठला येणारी गाडी सव्वानऊ उलटल्यावर आली. पुढं ट्रॅफिक. खासगी होती ती ही गाडीच, बोट नेहमीची, सगळ्यांची. त्याला माझी हरकत नव्हती, हरकत होती ती वेळेला. बेटावर उतरलो तेव्हा साडेबारा व्हायला आले होते. ऊन डोक्यावर आणि वर जाणाऱ्या शंभर-सव्वाशे पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, हे बुकिंग करताना दोनदा सांगितलं होतं. पायथ्याशी डोलीवाले मिळतात हे त्या मार्गदर्शकानं सांगितलंच नाही, त्या बिचाऱ्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चढल्या. वर गेल्यावर त्यानं पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. तीन मुखांच्या मुख्य मूर्तीसमोर उभा राहून म्हणाला, “हे ब्रह्मा, हे विष्णू, हे महेश,” आणि पुढं निघाला. चाळीस मिनिटांत लेणं संपलं. त्यानंतर एका ठरावीक दुकानात मात्र अर्धा तास गेला.

परतताना बोटीत सासूबाई म्हणाल्या, “देवाला नीट बघितलंच नाही गं.” ते वाक्य मला फार लागलं. दुसरी फेरी झाली ती त्यामुळेच.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते, कारण मार्गदर्शक पारखायची ती माझी पहिली खूण झाली आहे. ती तीन मुखं ब्रह्मा-विष्णू-महेशाची नाहीत. तो सदाशिव आहे, तिन्ही मुखं शिवाचीच. मधलं तत्पुरुषाचं, मिटल्या डोळ्यांचं, शांत. आपल्या डाव्या हाताला अघोर: मिशा, रागीट भुवया, हातात नाग. उजव्या हाताला वामदेव, कोवळा, जवळजवळ बायकी चेहरा, हातात कमळ. त्याला उमेचं मुख असंही म्हणतात. मूर्ती जवळपास वीस फूट उंच आहे. फोनवर बोलताना सहज विचारा, “त्रिमूर्ती कुणाची?” उत्तरावरून माणूस कळतो.

पहिल्या फेरीतच शेजारच्या शिल्पापाशी एक गृहस्थ दुसऱ्या एका कुटुंबाला समजावून सांगत होते. साधं मराठी, आवाज हळू, मधेच थांबणं. मी आमचा माणूस सोडून त्यांचंच ऐकत उभी राहिले. ते बेटावरचेच, शेतबंदरचे राहणारे. नंबर मागून घेतला. पुढच्या तिन्ही फेऱ्या त्यांच्याकडूनच ठरवल्या. आम्ही त्यांना दादा म्हणतो, इथंही तेच म्हणते.

दुसरी फेरी जानेवारीत. सासूबाई, माझी आई आणि मी. आदल्या रात्री दादांचाच फोन आला. आजींना पायऱ्या झेपतील का, डोली सांगून ठेवू का? जेवण मासळीचं की शाकाहारी? उद्या मंगळवार, कुणाचा उपास आहे का? एजन्सीनं चौदा हजार घेऊन यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. सोमवारी लेणी बंद असतात, शनिवार-रविवारी गर्दी, म्हणून मंगळवार त्यांनीच सुचवला. नवाची बोट धरायची, हा त्यांचा आग्रह.

सकाळच्या बोटीचा तासाभराचा प्रवास मला वेगळा आवडतो. थंडीत सीगल पक्षी बोटीबरोबर उडतात, लोक गाठिया फेकतात (फेकू नयेत, दादांना ते बिलकूल आवडत नाही). डावीकडं लांबवर तुर्भ्याच्या अणुकेंद्राचा घुमट, मग जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, समोर न्हावा-शेव्याच्या क्रेन, स्वच्छ हवा असेल तर अटल सेतूची रेघ. लाइफ जॅकेट घालावंच लागतं. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं गेली, त्यानंतर सक्ती झाली. आईला जॅकेटमध्ये गुदमरल्यासारखं होत होतं, तरी मी काढू दिलं नाही. कुणालाच काढू देऊ नका.

दादा धक्क्यावर उभे होते. टॉय ट्रेननं पायथ्याशी, तिथून सासूबाई डोलीत, आई हळूहळू चालत. वर पोचेपर्यंत पावणेअकरा. मुख्य लेण्याच्या दारात त्यांनी आम्हाला थांबवलं. म्हणाले, “उन्हातून आलात. आता दोन मिनिटं कुणी बोलू नका, डोळ्यांना अंधार कळू दे.” आम्ही खांबाला टेकून उभ्या राहिलो. आधी समोर नुसता काळोख. मग खांबांच्या रांगा दिसायला लागल्या. मग खूप आत, अगदी मागच्या भिंतीत, काहीतरी मोठं गोलसर. मग नाक, मग खालचा जाड ओठ, मग मिटलेल्या पापण्या. मूर्ती जागची हलत नाही, पण ती अंधारातून पुढं येते असं वाटतं. सासूबाईंनी हात जोडले. नोव्हेंबरात याच दारातून आम्ही घाईघाईनं आत शिरलो होतो आणि यातलं काहीही पाहिलं नव्हतं. दोन मिनिटं गप्प उभं राहायला लावणं, हे मला त्या दिवसाच्या पैशांत मिळालेलं सगळ्यांत मोलाचं वाटतं.

दुसरी आठवण कल्याणसुंदराच्या शिल्पापाशी. शिव-पार्वतीचं लग्न. ब्रह्मदेव भटजी होऊन खाली बसलेत, हिमवान लेकीला पुढं आणतोय, मागं अमृताचा कुंभ घेतलेला चंद्र. दादा काही सांगायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, “अगंबाई, ही अजून उजव्या बाजूला आहे! लग्न लागायचंय अजून.” दादांचा चेहरा असा खुलला! ते म्हणाले की हेच सांगायला लोकांना पाच मिनिटं लागतात. एरवी पार्वती शिवाच्या डाव्या हाताला, म्हणून तर वामांगी. इथं ती अजून नवरी आहे. मग आईनं तिची खाली झुकलेली मान दाखवली, आणि दोघी विहिणी त्या एका शिल्पासमोर अर्धा तास उभ्या होत्या. दादांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. अर्धनारीश्वर, गंगाधर, नटराज हे सगळं त्यानंतर झालं, रावणाच्या कैलासापाशी फक्त डोकावलो. राहिलं ते राहिलं.

दादांची आणखी एक गोष्ट मला पटते. जे ठाऊक नाही ते ते ठोकून देत नाहीत. लेणी कुणी खोदली असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की इथं नाव सांगणारा लेख उरलेला नाही. जो शिलालेख होता तो पोर्तुगीजांनी काढून नेला आणि हरवला. शैलीवरून आणि बेटावर सापडलेल्या नाण्यांवरून अभ्यासक सहावं शतक धरतात, बरेच जण कलचुरी राजांचं नाव घेतात. मूर्तींचे पाय तुटलेत त्याबद्दलही तसंच. पहिल्या मार्गदर्शकानं सगळं खापर पोर्तुगीजांच्या गोळीबारावर फोडलं होतं. दादा म्हणाले, ती गोष्ट सगळे सांगतात, पण खालच्या भागाकडं बघा, पाण्यानंही दगड खाल्लाय.

जेवण त्यांच्या शेजारच्या घरी. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, तळलेले बोंबील, सोलकढी. आईचा मंगळवार, तिला साबुदाण्याची खिचडी आणि ताक. दिवसाचा हिशोब सांगते. बोटीची तिकिटं माणशी अडीचशेच्या थोडी वर, लेण्यांचं तिकीट चाळीस, डोली, जेवण आणि दादांचे दोन हजार धरून तिघींचे सहा हजारांच्या आत. एजन्सीच्या निम्म्याहून कमी.

तिसरी फेरी मार्चमध्ये, मामेभावंडं आणि मुलं मिळून आठ जण. या वेळी भावाच्या हट्टानं खासगी स्पीडबोट केली. अर्ध्या वेळात पोचलो हे खरं. पण सावली नाही, बोलणं ऐकू येत नाही, जाताना जवाहर द्वीप कधी मागं पडलं कळलं नाही. परतताना दुपारचा वारा सुटला आणि बोट लाटांवर आपटायला लागली. धाकट्या भाचीला तीनदा उलटी झाली. बारा हजार मोजून एवढंच. मोठी बोट संथ जाते आणि वरच्या डेकवर बसलं तर सगळं बंदर दिसतं, थोडे जास्तीचे पैसे तिथंच द्यावेत.

या फेरीत दादांबद्दलही एक तक्रार आहे, ती लपवत नाही. त्यांना ऐन वेळी काम आलं म्हणून त्यांनी पुतण्याला पाठवलं. मुलगा गोड, मुलांशी छान खेळला, माकडांपासून खाऊ कसा वाचवायचा ते त्यानं शिकवलं (पिशवी पोटाशी, बाटली पिशवीत, आणि माकडाच्या डोळ्यांत बघायचं नाही). पण शिल्पांबद्दल त्याला निम्मंच ठाऊक. फोन केला असता तर आम्ही तारीख बदलली असती. मी तसं दादांना सांगितलं, त्यांनी निम्मे पैसे परत केले. तुम्ही ठरवताना विचारून घ्या: स्वतः येणार ना?

चौथी फेरी मे महिन्यात, फक्त आम्ही दोघं. लोक म्हणतात मेमध्ये जाऊ नका, आणि साडेअकरानंतर खरंच जाऊ नका. आम्ही मुख्य लेणं या वेळी सोडलंच. दादांनी पलीकडच्या टेकडीवर नेलं, जिथं विटांचा जुना बौद्ध स्तूप आहे. तिथलं एक लेणं पोर्तुगीजांच्या काळात चर्च म्हणून वापरात होतं. वाटेवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. उतरून मोराबंदरच्या बाजूला गेलो, खारफुटीत बगळे, सावलीत जाळी विणत बसलेली माणसं. बेटावर १९८७ पासून जागतिक वारशाची पाटी आहे, पण समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. त्याआधी संध्याकाळी तीन-चार तास जनरेटर, तेवढाच उजेड. दादांच्या आईनं ताडगोळे सोलून दिले आणि समोर दिसणाऱ्या मुंबईच्या दिव्यांकडं बघत त्यांची हयात कशी गेली ते सांगितलं. पर्यटकाला रात्री बेटावर राहता येत नाही, म्हणून ते दिवे त्या जागेवरून आम्ही कधी बघणार नाही. त्यांनी सांगितलं म्हणून निदान कळलं.

ठरवताना आणखी थोडं. परतीच्या शेवटच्या बोटीवर विसंबू नका, चारच्या आसपासची धरा. बोटीवर स्वच्छतागृहाचा भरवसा नाही, बायकांनी गेटवेला जाऊन यावं. मार्गदर्शकाचं ओळखपत्र बघा. पायऱ्यांवरच्या दुकानांतून उतरताना खरेदी करा, चढताना नको. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होतात, त्यामुळं आमची पुढची फेरी आता दिवाळीनंतर, बाबांना घेऊन.

निघताना दादांनी राजबंदराकडं बोट दाखवलं. तिथं दगडी हत्ती उभा होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव ठेवलं. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला. तुकडे नंतर जोडले आणि आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी आहे. दादा म्हणाले, “आमचा हत्ती तुमच्याकडं ठेवलाय. कधी गेलात तर बघून या.”

पुढच्याच रविवारी सासूबाईंना घेऊन गेले. इतकी वर्षं त्या बागेत जाते आहे, त्याच्यासमोरून कितीदा गेले असेन. या वेळी त्याच्या सगळ्या बाजूंनी फिरले, सांधे कुठं जोडलेत ते शोधलं. फोटो काढून दादांना पाठवला. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं: “आईला दाखवला. ती विचारते, पाऊस लागत नाही ना त्याला?”