सेकंडहँड मॅच रायफल घ्यायच्या आधी सिलेंडरवरची तारीख बघा

लातूर, नांदेड, परभणीकडच्या पालकांसाठी मुद्दाम लिहायलोय, कारण ज्या माणसानं आम्हाला फसवलं तोच आता नांदेडच्या एका पालकाला तशीच रायफल दाखवायलाय, आम्हाला पाठवलेला व्हिडिओसुद्धा तोच.

पोरगी १० मीटर एअर रायफल खेळती. अकॅडमीची रायफल चार-पाच लेकरांत फिरती, जो येतो तो बट प्लेट (खांद्याला टेकायचा भाग) अन् चीक पीस (गाल टेकायचा भाग) आपल्या मापाचं करून घेतो, मग हिची पोझिशन कधी बसतच नाही. सर म्हणले आता स्वतःची पाहिजे. वाल्थर, फाइनवर्कबाऊ, अन्शुट्झ असल्या कंपनीची नवीन घ्यायची म्हणलं की दोन-अडीच लाखाच्या पुढंच बोलणं, सोयाबीनच्या पैशावर घर चालवणाऱ्यानं एवढे कुठून आणायचे, म्हणून लाखाच्या आसपास चांगली वापरलेली बघायलो होतो. २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं तवापासून इकडं शूटिंगला लेकरं वाढलीत, अन् असल्या विकणाऱ्यांनासुद्धा हे बरोबर ठाऊक झालंय.

हा माणूस फोनवर लई गोड बोलतो. "दादा, पुण्याच्या पोराची आहे, तो शिकायला बाहेर गेला, दोनच वर्षं वापरली." सोबत फॅक्टरीच्या टेस्ट कार्डाचा फोटो पाठवला, त्यावर सगळ्या गोळ्या एकाच छिद्रात. नव्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलीसोबत असं कार्ड येतं, ती बॅरल कंपनीत गोळ्या मारून तपासलेली असती अन् कार्डावर रायफलीचा सिरीयल नंबर असतो. कार्ड खरंच होतं. फक्त ते दुसऱ्याच रायफलीचं होतं. त्यानं फोटो असा काढला होता की नंबरावर अंगठा, अन् अ‍ॅक्शनवरच्या (रायफलीच्या मुख्य धातूच्या भागावरच्या) नंबराचा फोटो मागितला की "पाठवतो पाठवतो" करत राहिला. मग "उद्या दुसरं गिऱ्हाईक यायलंय" म्हणून घाई लावली, एक लाख पाच हजार पूर्ण घेतले अन् ट्रॅव्हल्सनं पार्सल पाठवलं.

रायफल दिसायला झकास. बॅरलखालच्या हवेच्या सिलेंडरला काळं कार्बन डिझाईनचं व्हिनाइल (स्टिकर) गुंडाळलेलं, पोरगी तर बघून खूष. रेंजवर हवा भरायला गेलो तर सरांनी सिलेंडर हातात फिरवून फिरवून बघितलं अन् विचारलं, तारीख कुठाय? नखानं व्हिनाइलची कड उचकटली, चिकट गोंद निघाला अन् त्याखाली महिना-वर्षाचा ठसा. १० वर्षं कवाच उलटून गेलेली. ह्या सिलेंडरांना कंपनीनं १० वर्षांची मुदत दिलेली असती, आत २०० बारचा दाब असतो, म्हणजे मोटारसायकलच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट, अन् लेकराचा हात अन् चेहरा त्याच्या शेजारी. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) नियमातपण सिलेंडर मुदतीत आहे का नाही ही जबाबदारी खेळाडूचीच. सरांनी ते भरायला साफ नकार दिला, अन् त्यांनी केलं ते शंभर टक्के बरोबर.

तेवढ्यावर भागलं नाही. मुदतीतलं दुसरं सिलेंडर लावून मारून बघितलं तर सुरुवातीच्या गोळ्या ठीक, मग हळूहळू उभ्या रेषेत पसरायला लागल्या. हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर गेलेला, दर गोळीला दाब सारखा मिळत नव्हता. १० मीटरवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, मॅचमध्ये ६० गोळ्या मारायच्या अन् स्कोर १०.९ पर्यंत दशांशात मोजतात, तिथं असल्या रायफलीवर पोरगी स्वतःलाच दोष देत बसली असती ह्याचं मला जास्त वाईट वाटतं. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं कुणी सांगू नका, ज्यानं ठशावर व्हिनाइल चिकटवलं त्याला सगळं माहीत होतं.

पैसे परत मागितले की त्यानं भाषाच बदलली. "तुमच्याकडं हत्याराचं लायसन्स आहे का? मीच पोलिसांत कळवतो." ह्या एका वाक्याला घाबरून किती लोक गप्प बसले असतील. नीट ऐका, ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ ची अन् २० ज्यूल ताकदीच्या आतली एअर रायफल असली तर २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं लायसन्स लागत नाही, अन् मॅच रायफली तर ७-८ ज्यूलच्याच असतात. पॉइंट टू-टू (.२२) बोअरची गोष्ट वेगळी, तिला लायसन्स लागतंच.

कुणी घ्यायलाच निघालं असेल तर व्हिडिओवर जाऊ नका, रेंजवर बोलवा. सिलेंडरवर काहीपण गुंडाळलेलं असलं तर ते त्याच्यासमोर काढा. अ‍ॅक्शनवरचा नंबर, कार्डावरचा नंबर अन् बिलावरचा नंबर तीन्ही एकच पाहिजेत, बाहेरून आणलेली असली तर इम्पोर्टचे कागद बघा. सिलेंडर भरून रात्रभर ठेवा, सकाळी दाबाचा काटा खाली आला तर घेऊ नका. अन् रायफल शिकंज्यात पक्की धरून सरांच्या हातून गोळ्या मारून घ्या, दाब पूर्ण असताना पण अन् कमी होत आल्यावर पण, दोन्ही ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके) शेजारी ठेवून बघा.

आम्ही यूपीआयनं पैसे दिले होते म्हणून १९३० ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) फोन केला अन् नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रारपण दिली, चॅट अन् पार्सलच्या पावतीसकट. ज्यांचा ज्यांचा ह्याच माणसाशी व्यवहार झालाय त्यांनी आपले चॅट डिलीट न करता आपापल्या ठाण्यात तक्रार द्या, माझ्या एकट्याच्या अर्जाला तो "घरगुती सौदा" म्हणून उडवायलाय.