रिक्वेस्ट्स लायब्ररी आणि मराठी सर्च क्वेरी: दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

कांद्याच्या भावावर मराठीत लोक काय लिहितायत ते रोज सोशल मीडियावरून खेचायचं काम आमच्याकडे आहे, आणि त्यासाठी पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी (प्रोग्राममधून वेब सर्व्हरला विनंती पाठवणारी) गेल्या दिवाळीपासून वापरतोय. एपीआय (साइटचा डेटा प्रोग्रामने मागायची सोय) कुठला ते सोडा, सर्चचा पॅरामीटर आणि त्यात कोंबलेली क्वेरी, म्हणजे शोधायचे शब्द, सगळीकडे साधारण हेच.

चांगलं आधी सांगतो. पॅराम्समध्ये (विनंतीसोबत जाणारे पॅरामीटर) डिक्शनरी द्यायची, आत सरळ "कांदा लासलगाव" असं मराठीत लिहायचं, बास. एन्कोडिंग, म्हणजे युआरएलमध्ये न चालणारी अक्षरं % च्या कोडमध्ये बदलणं, लायब्ररीच करते आणि बरोबर करते. पण लोकांना धीर नसतो, आधी स्वतः कोट फंक्शन (हेच एन्कोडिंग करणारं) मारतात आणि तेच परत डिक्शनरीत टाकतात, मग टक्क्याच्या चिन्हाचंच एन्कोडिंग होतं, स्पेसच्या %२० चं %२५२० होतं आणि सर्व्हर २०० ओके, म्हणजे सगळं ठीक, म्हणून रिकामी यादी हातात देतो. एरर नाही, काही नाही. लॉगमध्ये जागोजागी %२५ दिसायला लागलं की डबल झालंय समजा, बाकी कुठे शोधत बसू नका.

हॅशटॅगची वेगळीच गंमत. युआरएल हाताने जोडून त्यात #कांदा टाकला तर # पासून पुढचं सर्व्हरपर्यंत जातच नाही, ते फ्रॅगमेंट (पानातल्या जागेचा पत्ता) धरलं जातं. आणि रिस्पॉन्सची युआरएल प्रिंट केली तर तिथे हॅशटॅग मस्त दिसतो, म्हणजे माणूस म्हणणार, गेलाय की! त्याऐवजी रिक्वेस्टचा पाथ_युआरएल प्रिंट करा, तिकडे खरं काय गेलं ते कळतं. # चं %२३ व्हायला पाहिजे, डिक्शनरीतून दिलं की आपोआप होतं.

खटकलेली गोष्ट म्हणजे लायब्ररी स्पेसचं + करते. बऱ्याच ठिकाणी चालून जातं, पण ओऑथ १.० (एपीआयला ओळख पटवायची पद्धत) ची सिग्नेचर स्वतः बनवत असाल तर मेलात, तिथे %२० च लागतं, सिग्नेचर जुळत नाही, ४०१ (ओळख पटली नाही) येतो आणि आपण टोकन तपासत दिवस घालवतो. एका शब्दाची क्वेरी चालतीये आणि दोन शब्दांची आपटतीये, असं असेल तर आधी इथे बघा. पायथनच्याच युआरएलएन्कोड फंक्शनला कोट_व्हाया मध्ये कोट द्यायचं (पायथन ३.५ पासून आहे) आणि तयार स्ट्रिंग पॅराम्सला द्यायची, स्ट्रिंगला ती परत एन्कोड करत नाही.

आता मराठीवाल्यांचा खरा ताप, आणि तो एन्कोडिंगच्या आधीच सुरू होतो. "शेतकऱ्यांचा" आणि "शेतकर्‍यांचा", स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात ना? पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. कीबोर्ड बदलला की हे बदलतं. एन्कोड केल्यावर दुसरा शब्द नऊ कॅरेक्टरनी लांब, आणि समोरचा सर्च हे दोन्ही एक धरत नसेल तर निम्म्या पोस्ट गायब. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं एकसारखं करायची युनिकोडची पद्धत) मारून बघाल, उपयोग नाही, जॉइनर तिथेच राहतो. ॲप मधल्या ॲ चंही तेच, एकाच कोडपॉइंटचा (युनिकोडमधला चिन्हाचा क्रमांक) ॲ वेगळा आणि अ ला चंद्र जोडलेला वेगळा.

आम्ही दोन्ही रूपं ऑर लावून शोधतो, जिथे ऑर चालत नाही तिथे दोनदा कॉल मारून पोस्टच्या आयडीवरून डुप्लिकेट काढतो. फक्त लांबीवर लक्ष ठेवा, देवनागरीचं एक चिन्ह एन्कोड झालं की नऊ कॅरेक्टर खातं, नुसता "कांदा" ४५ चा होतो, त्यामुळे जिकडे मर्यादा एन्कोड केल्यावर मोजतात तिकडे पाच-सहा शब्दांतच जागा संपायला येते.

हे जॉइनरचं दुखणं लायब्ररीचं नाही, त्याचे स्टार कापत नाही. पाचातला एक कापलाय तो + साठी.