विरुद्धार्थी शब्दांची तयारी: यादी, कार्डं की उतारे?

नवोदय विद्यालय किंवा सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला मूल बसवायचं ठरलं, की आमच्या नागपुरातले पालक आधी बर्डीच्या बाजारात जाऊन एक जाडजूड गाईड आणतात. त्यात विरुद्धार्थी शब्दांची यादी असतेच. मानेवाड्याला मी घरीच चौथी-पाचवीची मुलं शिकवते. "मॅडम, ही यादी पाठ करून घेऊ का, की दुसरं काही?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. त्याचं उत्तर परीक्षा कोणती, हातात महिने किती आणि मूल घरी कोणती भाषा बोलतं, यावर ठरतं.

आधी पेपर बघा. नवोदयच्या सहावीच्या परीक्षेत भाषेचे 20 प्रश्न, 25 गुण आणि त्यासाठी 30 मिनिटं असतात. भर उताऱ्यांवर असतो, त्यामुळे शब्दाचा अर्थ किंवा विरुद्धार्थ बहुतेकदा उताऱ्यातल्याच शब्दाचा विचारतात. सैनिक शाळेच्या सहावीच्या पेपरात भाषेचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, म्हणजे 300 पैकी 50. तो पेपर मराठीतून देता येतो. नववीच्या प्रवेशाला मात्र पेपर इंग्रजीतच असतो, म्हणजे शब्दही इंग्रजी. नवेगाव खैरीचं नवोदय डोळ्यांसमोर असेल तर तयारी एक, चंद्रपूरची सैनिक शाळा नववीला गाठायची असेल तर तयारी वेगळी. हे न बघता घेतलेलं गाईड बरेचदा वाया जातं.

आता यादी. तिचा मोठा गुण म्हणजे वेग. एका बैठकीत पन्नास जोड्या नजरेखालून जातात. महिनाभरच उरला असेल तर यादीशिवाय गत्यंतर नाही. पण गाईडमधल्या अकारविल्हे क्रमानं पाठ करू नका, जोड्या उपसर्गांनुसार लावून घ्या. सुबोध-दुर्बोध, सुगम-दुर्गम एका ठिकाणी. सजीव-निर्जीव, सगुण-निर्गुण दुसऱ्या. उन्नती-अवनती, उत्कर्ष-अपकर्ष, अनुकूल-प्रतिकूल तिसऱ्या. मुलाला एकदा ही चाल कळली की न पाहिलेला शब्दही सुटतो. सोबत फसवे शब्दही दाखवा. 'अमूल्य'मध्ये 'अ' आहे म्हणून त्याचा अर्थ 'किंमत नसलेला' होत नाही, उलट किंमत करता येणार नाही इतका मोलाचा. 'अपरोक्ष' म्हणजे समोर, प्रत्यक्ष. बोलताना मोठी माणसंसुद्धा तो नेमका उलटा वापरतात.

यादीचा दोष मात्र मी डोळ्यांनी पाहिला आहे. माझ्याकडच्या एका मुलीच्या शेकडो जोड्या तोंडपाठ होत्या. सराव उताऱ्यात वाक्य आलं, 'कच्च्या भाज्या स्वच्छ धुऊन खाव्यात.' अधोरेखित शब्द 'कच्च्या', पर्याय पक्क्या, शिजवलेल्या, ताज्या, शिळ्या. तिनं क्षणात 'पक्क्या' गोल केलं. यादीत कच्चा-पक्का असंच होतं ना! उत्तर चुकलं हे कळल्यावर ती रडकुंडीला आली, आणि मला त्या यादीचा राग आला. कच्चा रस्ता असेल तर पक्का, कच्चा आंबा असेल तर पिकलेला, कच्ची भाजी असेल तर शिजवलेली. 'हलका' तसाच: हलकी पेटी-जड पेटी, हलकी झोप-गाढ झोप, हलक्या प्रतीचं कापड-उंची कापड. शब्दाचा विरुद्धार्थ वाक्यात ठरतो आणि यादीत वाक्य नसतं.

कार्डं मला यादीपेक्षा कितीतरी जवळची. विकत आणायची गरज नाही. घरात लग्नपत्रिका साचलेल्या असतात, त्यांचे कोरे भाग कापा. एका बाजूला शब्द आणि त्याचं छोटं वाक्य, मागं विरुद्धार्थी शब्द. कार्ड उलटायच्या आधी मुलानं उत्तर मोठ्यानं म्हटलंच पाहिजे. मागची बाजू बघून "हो, हे येत होतं मला" हे चालत नाही. मग तीन डबे करा. चुकलेलं कार्ड पहिल्या डब्यात, ते रोज. बरोबर आलेलं दुसऱ्यात, ते तीन दिवसांनी. पुन्हा बरोबर आलं तर तिसऱ्यात, ते आठवड्यानं. 1970च्या दशकात जर्मन विज्ञान-लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. ती चालते, कारण विसरायला लागलेली गोष्ट ताण देऊन आठवली की पक्की बसते. तोटा एवढाच, की पालकांना रोज पंधरा मिनिटं शेजारी बसावं लागतं. दोघंही रात्री आठला घरी पोचणारे असाल, तर आजी-आजोबांच्या हाती डबे द्या. त्यांच्याकडे शब्द आपल्यापेक्षा जास्त असतात.

उतारे वाचून शिकणं सगळ्यात संथ आणि सगळ्यात टिकाऊ. रोज एक छोटा उतारा, त्यातले तीन शब्द, प्रत्येकाचा त्या वाक्यापुरता विरुद्धार्थ. दिवसाला तीनच शब्द म्हणून पालकांचा धीर सुटतो. पण नवोदयला हीच पद्धत पेपरच्या सगळ्यात जवळ जाते, आणि भाषेचे इतर प्रश्नही तिच्यामुळे सुधारतात. हातात सात-आठ महिने असतील तर मी यावरच भर देईन. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे मे-जूनच्या उन्हात कूलरसमोर बसून वाचायला मोकळा वेळ मिळतो.

मोबाइलवरच्या प्रश्नमंजुषा मी शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवते. चार पर्यायांतून ओळखण्याचा आणि घड्याळाचा सराव होतो, तेवढंच त्यांचं काम. शिवाय मराठीच्या नावाखाली हिंदीवरून उचललेल्या जोड्या त्यात सापडतात.

आपल्या नागपुरात यावर जरा थांबायलाच हवं. मुलं रस्त्यावर हिंदी, घरी मराठी आणि शाळेत बरेचदा इंग्रजी बोलतात. 'शिक्षा' म्हटलं की हिंदीत विचार करणाऱ्या मुलाला शिक्षण आठवतं आणि ते 'अशिक्षा' शोधतं. मराठीत 'शिक्षा'च्या समोर 'शाबासकी' येते. 'महाग'ला ते 'सस्ता' म्हणतं, पेपरात 'स्वस्त' असतं. इतवारीच्या बाजारात आपण 'ठोक' आणि 'चिल्लर' म्हणतो, पुस्तकात 'घाऊक' आणि 'किरकोळ' येतं. घरची बोली चुकीची मुळीच नाही, ती मुलाकडून तोडू नका. अशा शब्दांची मात्र वेगळ्या रंगाची कार्डं करा. कुठलंही गाईड हे काम तुमच्यासाठी करणार नाही.

बिनखर्चाचा आणखी एक साठा स्वयंपाकघरातच असतो: आपले जोडशब्द. नफातोटा, जमाखर्च, चढउतार, गुणदोष, यशापयश, बरेवाईट. जेवताना तुम्ही अर्धा शब्द म्हणा, मुलानं उरलेला म्हणावा. यासाठी वही लागत नाही.

शिकवणी वर्ग लावायचा का? मूल घरी बसतच नसेल, किंवा गणित-बुद्धिमत्तेसाठी तसाही लावणार असाल, तर लावा. फक्त विरुद्धार्थी शब्दांसाठी पैसे घालू नका.

तेव्हा सात-आठ महिने हाती असतील तर उतारे आणि त्यांतून निघालेली कार्डं. तीन महिने असतील तर कार्डं जास्त, आठवड्याला दोन-तीन उतारे. महिनाच असेल तर उपसर्गांनी लावलेली यादी आणि जुने पेपर. सैनिक शाळेच्या नववीसाठी हाच हिशेब इंग्रजी शब्दांना लावा. 'लाइट'समोर कधी 'हेवी' येतो, कधी 'डार्क', त्यामुळे तिथंही कार्डावर वाक्य हवंच.

जुने पेपर सोडवताना पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. प्रश्नातल्या 'समानार्थी' किंवा 'विरुद्धार्थी' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायची, मगच पर्याय वाचायचे. 'दुर्मीळ'च्या पर्यायांत 'विपुल' असतो तसा 'विरळ'ही असतो, आणि घाईत मूल ओळखीचा 'विरळ' गोल करून मोकळं होतं.